स्मरणाचा वारसा आणि मेंदूचे आरोग्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा दोन प्रकारची संपत्ती मोजली जाते. पहिली इमारत, निधी, ग्रंथसंग्रह यांच्या रूपाने डोळ्यांना दिसते. दुसरी मात्र ज्येष्ठांच्या स्मरणात असते. पहिली वीट कोणी वाहून आणली, पहिल्या पाठशाळेत किती मुले होती, कोणत्या चातुर्मासात कोणते महाराज येथे विराजमान होते, हे कागदापेक्षा माणसांच्या मेंदूतच अधिक विश्वासाने जपले गेले आहे. ही संपत्ती अबाधित राहावी असे वाटत असेल तर ज्येष्ठांच्या मेंदूचे आरोग्य हा केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही, तो समाजाचा विषय होतो.

भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने पीडित असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने व्यक्त केला. या संख्येमागे तेवढीच घरे आहेत आणि त्या प्रत्येक घरात रात्रंदिवस सेवा करणारी एखादी पत्नी, सून किंवा मुलगी आहे. म्हणूनच हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

मेंदू : लहान पेढी, मोठा व्यवहार

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या केवळ दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या स्थितीतही शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा अवयव वापरतो. त्यात अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि प्रत्येक पेशी इतर हजारो पेशींशी जोडलेली आहे. शिकणे म्हणजे या जोडण्या पक्क्या होणे आणि विसरणे म्हणजे त्या सैल पडणे, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

मोठ्या वयात मेंदूत काहीच बदल होत नाही, अशी समजूत पूर्वी रूढ होती. ती आता मागे पडली आहे. लंडन शहरात टॅक्सीचालकाचा परवाना मिळविण्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. डॉ. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली अशा चालकांच्या मेंदूची छायाचित्रे तपासली. स्मरणाशी संबंधित असलेल्या 'हिप्पोकॅम्पस' या भागाचा मागील अंश त्यांच्यामध्ये इतरांपेक्षा मोठा आढळला. २०११ च्या पुढील अभ्यासात उमेदवारांना प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासण्यात आले. ज्यांनी अभ्यास पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण केली त्यांच्यामध्ये हा भाग वाढला, परंतु अनुत्तीर्ण झालेल्यांमध्ये वाढला नाही. हे सर्वजण शाळकरी मुले नव्हेत, कमावती प्रौढ माणसे होती.

स्मरणाची परंपरा

लंडनचे हे उदाहरण नवे असले तरी त्यातील तत्त्व जैन समाजाला अपरिचित नाही. भगवान महावीरांची वाणी शतकानुशतके कोणत्याही ग्रंथाविना, केवळ गुरुमुखातून शिष्याच्या कंठात जिवंत राहिली. गिरनारच्या गुंफेत राहणाऱ्या वृद्ध आचार्य धरसेनांना हे ज्ञान आपल्याबरोबर लुप्त होईल अशी चिंता वाटली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकविले आणि त्यातून षट्खंडागमाची रचना झाली. श्वेतांबर परंपरेत महावीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी, मतांतराने ९९३ वर्षांनी, देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम लिपिबद्ध झाले. दोन्ही परंपरांचा पाया एकच आहे, तो म्हणजे अभ्यासाने घडविलेले स्मरण.

आचार्य स्थूलभद्रांच्या सात भगिनींची कथा अनेकांनी पाठशाळेत ऐकली असेल. मंत्री शकटालाच्या या कन्यांपैकी थोरली यक्षा एकदा ऐकलेले जसेच्या तसे म्हणत असे, दुसरी दोनदा ऐकून, तिसरी तीनदा ऐकून, याप्रमाणे धाकट्या रेणाला सात वेळा ऐकावे लागे. या कथेत यक्षेचे कौतुक सर्वच करतात, परंतु वयाची साठी ओलांडलेल्यांनी रेणाकडे पाहावे. तिला सात वेळा ऐकावे लागले, तरीही अखेर ते तिला पाठ झालेच. वाढत्या वयात बुद्धी नष्ट होत नाही, तिची गती मंदावते. तरुणपणी दोन वाचनांत जे स्मरणात राहत असे त्यासाठी आता सात वाचने लागतात. ती सात वाचने करण्याचा ज्याला कंटाळा येतो तो 'वय झाले' असे म्हणून पुस्तक मिटतो, आणि खरा तोटा तेथेच होतो.

जैन दर्शनाने मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे सांगितले आहेत. वस्तूचे प्रथम ग्रहण, तिच्याविषयी जिज्ञासा, निश्चय आणि मग धारणा, असा हा क्रम आहे. बहुतेक वेळा माणूस म्हणतो, 'चष्मा कोठे ठेवला ते विसरलो.' वस्तुतः तो विसरलेला नसतो. चष्मा ठेवताना लक्षच नसल्यामुळे त्याचा अवग्रहच नीट झालेला नसतो. पहिल्या टप्प्यावर जे जमाच झाले नाही ते चौथ्या टप्प्यावर खात्यात कसे सापडेल? म्हणून स्मरणशक्तीच्या साधनेचा प्रारंभ एकाग्रतेपासून होतो. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक हे या दृष्टीने एकाग्रतेचे नित्य शिक्षणच आहे. मात्र त्यात मन असले पाहिजे, केवळ घड्याळाकडे लक्ष असून उपयोग नाही.

एका व्यापाऱ्याचे अवधान

स्मरणशक्तीचा विषय निघाला की श्रीमद् राजचंद्रांचे नाव आदराने घेतले जाते. १८६७ साली सौराष्ट्रातील ववाणिया येथे जन्मलेल्या या पुरुषाने १८८७ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईतील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे अवधान ठेवणे, त्या मनात साठविणे आणि शेवटी अचूक सांगणे, असे या प्रयोगाचे स्वरूप असते. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी मुंबईत भेट झाली. गांधीजींनी परभाषांतील आपल्याला ठाऊक असलेले शब्द ऐकविले आणि त्यांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखविले, हा प्रसंग आत्मकथेत नमूद आहे.

या चरित्रातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे श्रीमद् हे जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत होते. हिरेमोत्यांचा व्यवहार आटोपताच त्यांच्या हाती धर्मग्रंथ किंवा रोजनिशी येत असे. दुसरी म्हणजे कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांनी अवधानाचे जाहीर प्रयोग थांबविले, कारण आत्मसाधनेत ते अडथळा ठरतील असे त्यांना वाटले. गांधीजींवर कायमचा प्रभाव पडला तोही त्या स्मरणशक्तीचा नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानाचा, निर्मळ चारित्र्याचा आणि आत्मदर्शनाच्या तळमळीचा. स्मरणशक्ती हे साधन आहे, साध्य नव्हे, हा यातील बोध आहे.

बुद्धीचा व्यायाम कसा असावा?

सामान्य माणसाला शतावधानी व्हायचे नसते. आपली कामे आपण करावीत, माणसे ओळखावीत, कोणावर भार होऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते. त्यासाठी कोणता व्यायाम उपयुक्त ठरतो?

वर्तमानपत्रातील शब्दकोडे किंवा सुडोकू सोडविले की झाले, असा समज आहे. अमेरिकेत १९९८ पासून २८३२ ज्येष्ठांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना स्मरणाचे, काहींना तर्काचे, तर काहींना झटपट आकलनाचे शिक्षण देण्यात आले. ज्याला ज्या गोष्टीचे शिक्षण मिळाले त्याची तेवढीच क्षमता वाढली, असे दिसून आले. दहा वर्षांनंतरही तर्काच्या व आकलनगतीच्या शिक्षणाचा लाभ टिकून होता, स्मरणाच्या शिक्षणाचा मात्र टिकला नाही. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्येष्ठ वयातही शिक्षण फलदायी ठरते, परंतु एकच कोडे रोज सोडविल्याने माणूस त्या कोड्यातच तरबेज होतो. म्हणून व्यायामात विविधता हवी, तो थोडा अवघड हवा आणि त्यात सातत्य हवे.

कापडाच्या जुन्या पेढीवरील व्यापारी पहा. ताक्यावरच्या चिठ्ठीवर सांकेतिक अक्षरांत लिहिलेली खरेदी किंमत तो एका नजरेत वाचत असे, पावकी-निमकीच्या आधारे सव्वाचार वारांचा हिशेब तोंडी करीत असे आणि समोरच्या ग्राहकाच्या घरचे लग्न कधी झाले तेही त्याच्या लक्षात असे. हा त्याच्या बुद्धीचा दैनंदिन व्यायामच होता. आता हिशेब यंत्र करते आणि दूरध्वनी क्रमांक मोबाईल लक्षात ठेवतो. या सोयी नाकारण्याचे कारण नाही. परंतु बेरीज प्रथम मनात करावी आणि मग यंत्रावर पडताळावी, घरातील पाच-दहा क्रमांक पाठ ठेवावेत, बाजाराची यादी खिशात असली तरी ती न पाहता खरेदी करून शेवटी ताडून पहावी.

भाषेचाही येथे मोठा आधार आहे. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये रोगाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. विशेष म्हणजे निरक्षर व्यक्तींमध्येही हा फरक आढळला. घरात मारवाडी, गुजराती किंवा कन्नड, बाजारात मराठी आणि प्रवासात हिंदी बोलणाऱ्या समाजाला ही देणगी आयतीच मिळाली आहे. ज्येष्ठांनी त्यात प्राकृताची किंवा संस्कृतची भर घालावी. अर्थ समजून घेत नवे स्तोत्र पाठ करणे हा त्याचा सुलभ प्रारंभ ठरेल.

स्वाध्यायाचे पाच प्रकार या कामी मार्गदर्शक आहेत. वाचना म्हणजे वाचणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, परावर्तना म्हणजे उजळणी, अनुप्रेक्षा म्हणजे चिंतन आणि धर्मकथा म्हणजे दुसऱ्यास सांगणे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की एखादा उतारा पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो आठवून पाहिल्यास अधिक काळ स्मरणात राहतो. प्रवचन ऐकून घरी आलेल्या आजोबांनी त्यातील तीन मुद्दे नातवास सांगावेत. त्यांची परावर्तनाही होईल आणि धर्मकथाही घडेल.

शरीर जपले तर बुद्धी जपली जाते

मेंदू हा शरीरापासून वेगळा नाही. रक्तवाहिन्यांतून त्याला मिळणारा पुरवठा बिघडला की बुद्धीही क्षीण होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. शिक्षणाचा अभाव, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, अपायकारक कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अति मद्यपान, नैराश्य, एकाकीपणा, डोक्याची दुखापत आणि हवेचे प्रदूषण ही ती कारणे होत. ही सर्व दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबविता येऊ शकतील, असे आयोगाचे मत आहे.

यातील मद्य आणि धूम्रपान व्रतधारी कुटुंबांत वर्ज्य आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु गादीवर दिवसभर बसून करायचा व्यापार, तुपातले पक्वान्न आणि गोडाची आवड यांमुळे रक्तदाब, मधुमेह व स्थूलता घरोघरी आहेत, हेही प्रांजळपणे मान्य करावे लागेल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर नियमित चालविण्यात आले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा घटला. मंदिरापर्यंत पायी जाण्याची जुनी रीत पुन्हा सुरू करण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

श्रवणदोषाकडे फार दुर्लक्ष होते. चष्मा लावण्यात कोणाला संकोच वाटत नाही, पण कानाला यंत्र लावण्यात कमीपणा वाटतो. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे टाळतो, सभेत मागे बसतो आणि शेवटी येणेच थांबवितो. मेंदूला मिळणारे खाद्य तेथेच तुटते.

झोपेचेही तसेच आहे. दिवसभरात शिकलेले झोपेत पक्के होते. सूर्यास्तापूर्वी भोजन, सायंकाळचे प्रतिक्रमण आणि वेळेवर निद्रा ही दिनचर्या दूरदर्शनसमोर मध्यरात्रीपर्यंत बसण्यापेक्षा निश्चितच हितकर आहे. प्रतिक्रमणात दिवसभराच्या कृतींची आठवण करून क्षमा मागितली जाते. त्याने मनावरील वैराचे ओझे उतरते आणि शांत झोप लागते.

शाकाहार, उपवास आणि बी-१२

आहाराविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. शाकाहार हृदयाला व रक्तवाहिन्यांना हितकारक आहे, परंतु त्यात बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव राहण्याचा संभव असतो. हे जीवनसत्त्व धान्य, डाळी व भाज्यांत नसते. शाकाहाऱ्यास ते मुख्यतः दूध, दही, पनीर यांतून मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीयांमधील या कमतरतेकडे लक्ष वेधले आहे. वाढत्या वयात, तसेच मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषणही घटते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, थकवा आणि विस्मरण ही त्याची लक्षणे होत.

अशा माणसाला घरचे लोक 'म्हातारपण' म्हणून सोडून देतात. वस्तुतः साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि वेळीच उपचार केल्यास सुधारणा होऊ शकते. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार करतात, प्राण्यांच्या मांसातून काढत नाहीत. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे असू शकते, म्हणून ते विचारून घ्यावे व शक्यतो गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. व्रताचा भंग न करता उपचार होतो, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

उपवासाविषयीही विवेक हवा. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने वैद्याला न विचारता उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि त्याची इजा मेंदूला पोहोचते. शास्त्राने तप शक्तीनुसार करावयास सांगितले आहे. उपवास झेपत नसेल त्याने ऊनोदरी, रसत्याग किंवा मौन यांचा अवलंब करावा. तेही तपच आहे.

निवृत्ती आणि एकाकीपणा

व्यापारी माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती जाते. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर माल उचलला जात असे त्याला आज दुकानात 'तुम्ही बसा, आम्ही पाहतो' असे प्रेमाने सांगितले जाते. मुलाचा हेतू चांगला असतो. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत शंभर निर्णय घेणाऱ्या मेंदूला एकाएकी एकही निर्णय उरत नाही. अशा वेळी वडिलांना एखादे खाते, एखादी खरेदी, एखाद्या जुन्या आडत्याशी पत्रव्यवहार सोपवावा. घरातील वृद्ध मातेच्या हातून स्वयंपाकघर पूर्णपणे काढून घेऊ नये, लोणच्याचे प्रमाण तिलाच विचारावे. आदर म्हणजे केवळ नमस्कार नव्हे. ज्येष्ठांना विचारणे हाच खरा आदर होय.

विस्मरण कधी गंभीर मानावे?

नाव पटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे हे वयाला धरून आहे. परंतु तोच प्रश्न घटकेघटकेला विचारणे, नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, चुकती झालेली उधारी पुन्हा मागणे, एकच बिल दोनदा देणे, शांत स्वभावाच्या माणसाने संशयी होणे, ही लक्षणे वयाची म्हणून सोडून देऊ नयेत. घराण्याचे नाव जाईल, मुलामुलींच्या सोयरिकी अडतील, या भीतीने कुटुंबे हे झाकून ठेवतात. त्यात मौल्यवान काळ जातो. बी-१२ ची उणीव, थायरॉईडचा विकार, नैराश्य किंवा औषधांचा दुष्परिणाम यांमुळे आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. अल्झायमरसारखा रोग बरा होत नसला तरी लवकर निदान झाल्यास पुढील व्यवस्था करता येते आणि रुग्णाच्या सह्यांचा, मालमत्तेचा गैरफायदा टळतो. आजार हा दोष नाही, तो कर्मफल मानला तरी सेवा करणे हे कुटुंबाचे कर्तव्यच आहे. वैयावृत्य हे अंतरंग तप म्हणून सांगितले आहे, आणि ते केवळ साधुसाध्वींपुरते मर्यादित मानू नये.

अशा रुग्णांच्या बाबतीत एक हृद्य अनुभव अनेक कुटुंबांना येतो. मुलाचे नाव आठवत नाही, जेवण झाले की नाही ते कळत नाही, परंतु कोणी नमोकार मंत्राचा प्रारंभ केला की ओठ हलू लागतात आणि मंत्र पूर्ण होतो. बालपणापासून हजारो वेळा म्हटलेले सर्वांत शेवटपर्यंत टिकते. लहान वयात नातवंडांना पाठांतर कशासाठी, असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

समाजाने काय करावे?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेपुढे काही नम्र सूचना ठेवाव्याशा वाटतात. मुलांच्या पाठशाळेच्या वेळीच ज्येष्ठांची स्वाध्याय पाठशाळा भरवावी आणि आठवड्यातून एकदा दोन्ही वर्ग एकत्र बसवावेत. वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर, बी-१२, दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी ठेवावी. सभागृहात ज्यांना ऐकू कमी येते त्यांची आसने पुढे असावीत. सभेला नियमित येणारा ज्येष्ठ दोन आठवडे दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जावे. रुग्णाची सेवा करणाऱ्या भगिनीस महिन्यातून एक दिवस तरी मंदिरात निवांत येता यावे, यासाठी तेवढा वेळ रुग्णाजवळ बसणारे स्वयंसेवक तयार करावेत. आणि ज्येष्ठांच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात, म्हणजे हीरकमहोत्सवाची स्मरणिका त्यातून समृद्ध होईल.

ज्या समाजाने एक सहस्र वर्षे ज्ञान कंठात जपले, त्या समाजाला स्मरणाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. यक्षेसारखी बुद्धी प्रत्येकाला लाभत नाही. परंतु रेणाप्रमाणे सात वेळा ऐकण्याची चिकाटी मात्र प्रत्येकाच्या स्वाधीन आहे. ती सर्वांना लाभो, ही मंगल कामना.

जय जिनेंद्र!